बॅगा राखणारा

नेरच्या टपरीवर चहा हातात यायच्या आत
लोटननं निकाल देऊन टाकला,
"आज भटू मांगे राही, दखी ल्या."
भटूनं बशीत फुंकर मारली.
"तुन्हं काय भो. तुन्हं पोट आधी पोहचस,
तू मांगेतून येस."

भामेरच्या वेशीपाशी गाड्या लावल्या.
डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या, रात्रपाळीवरून सुटी न मिळालेल्या.
"ह्या चढत नाहीत, उतरत नाहीत," योजना म्हणाली,
"आणि आमच्या शाळेपेक्षा कमाई जास्त."
यावर हिलाल आप्पा हसले,
आणि हसताहसता एका दगडावर टेकले.
हसायला कधी बसावं लागलं नव्हतं त्यांना.

वाट त्यांची. म्हणजे वाट गावाचीच,
पण आम्हाला ती त्यांच्या पाठीमागून माहीत:
साक्री डेपोचा खाकी शर्ट, मानेवर रुमाल,
आणि दर वळणावर तेच खोटं,
"उनंच शे. पाच मिनिटं."

लेण्याच्या ओसरीत त्यांनी बुटाची नाडी सोडली,
बांधली,
परत सोडली.
"व्हा तुम्ही पुढे. मी बॅगा राखस."

माकडं नव्हती. माणूस नव्हता.
एक शेळी होती, तिचं लक्ष बोरीकडे.

गुडघा हा शब्द कुणीच काढला नाही.
लोटन म्हणाला, "आप्पा, डब्बामा चार भाकरी शेतस. मोजेल शेतस."
"तीन. एक तू नेरलेच खादी."
भटू म्हणाला, "राखाना कितला लेशात?"
"तुन्हा लगीनना खर्च निंघी इतला."
(भटूचं लग्न सहा वर्षं
माथ्यावर जमतं आणि पायथ्याला मोडतं.)
असं थोडं आणखी टोचलं आम्ही त्यांना.
हळू आवाजात बोललो असतो
तर त्यांना कळलं असतं.

वरची वाट त्या दिवशी लांब निघाली.
पाच मिनिटं म्हणायला कुणी नव्हतं,
म्हणून जो तो घड्याळ बघत होता.

माथ्यावर वारा. बोललेलं तोंडातच परत येत होतं.
लोटननं कड्याशी जाऊन हातांचा कर्णा केला,
"आप्पा! पहिलं टाकं भरेल शे! काठोकाठ!"
खालून आवाज आला, कातळावर आपटत, तुकड्यांनी,
"खोटा... बोलू नको...
पहिलाले... चीर शे...
संक्रांतले पानी... कधी नही ऱ्हास!"

आम्ही वाकून पाहिलं.
चीर होती. तळाशी वाळलेला गाळ
आणि गाळात रुतलेली एक निळी चप्पल.
"चप्पल शे आप्पा! निळी!" योजना ओरडली.

बराच वेळ काहीच नाही.
पातं येत होतं, हवा कापत होतं, जात होतं.

"डावी... का उजवी?"

"डावी!"

"मन्ही शे. ऱ्हाऊ द्या!"

खरं की थट्टा, ते उतरल्यावर विचारायचं ठरलं होतं.
उतरलो तेव्हा ते शेळीशी बोलत होते,
त्यामुळे राहून गेलं.
डब्यात भाकरी दोन.
"हिनी खादी," आप्पांनी बोट दाखवलं.
शेळीनं खाली मान घातली,
लोटनला तेवढा पुरावा पुरेसा वाटला.

गाड्यांपाशी आप्पाच म्हणाले,
"पुढला रविवारले लळिंग."
"तठे बॅगा ठेवाले लेणं नही आप्पा,"
भटू बोलून गेला,
आणि जीभ चावली ती सगळ्यांना दिसली.
मी हेल्मेटचा पट्टा उगीच घट्ट करत राहिलो.

आप्पांनी रुमाल झटकला. मानेवर टाकला.
"मंग तू ऱ्हाय खाले.
तठे बठीसन आपलं लगीन मोड."

लोटन इतका हसला की त्याला ठसका लागला.
त्या गडबडीत आप्पांनी किक मारली,
गाडीशेजारी उभं राहून, डाव्या पायानं,
एकदा, दोनदा,
आणि आम्ही सगळे एकदमच
वर बघून पवनचक्क्या मोजायला लागलो.