माप

वादळाच्या तिसऱ्या दिवशी वीज गेली
आणि पहिल्यांदाच कळलं
आमच्या घराला एक घरघर होती.
जन्मापासून कानांत मुरलेली,
होडीच्या खोपटातल्या लांब पांढऱ्या फ्रीजरची,
ज्याची किल्ली बाबा गळ्यात घालून झोपतो.

बाबा अडकलाय खाडीत, सॅमनच्या पिंजऱ्यांवर,
फाटकी जाळी शिवत. बंदूक जवळ.
सील येतात रात्री. नेम धरताना
त्यांच्या डोळ्यांत बघायचं नसतं, म्हणतो.
आमच्याही डोळ्यांत तो फारसा बघत नाही.

आई बोलत नाही.
परदेशी आहे, असं बाबाने सांगितलं
आणि पाद्र्याने वहीत तसंच लिहून घेतलं.
तिच्या टाचा बारा महिने भेगाळलेल्या.
रात्री मिठाचा डबा घेऊन न्हाणीत जाते,
आतून कडी.
पाणी तासभर वाजत राहतं.

रोय म्हणाला, वास येतोय.
नासल्याचा नव्हे,
ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांचा.

कुलूप कटरने तोडलं.
वर माशांचे पुडे, मेंढीची मांडी, देवमाशाची चरबी,
त्याखाली ताडपत्रीत
बाईच्या उंचीचं काहीतरी, नीट घडी घातलेलं,
राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं.
हात लावला. कोमट.
पंचवीस वर्षं बर्फात, आणि कोमट.

इथवरची गोष्ट फेरो बेटांवरच्या पोराटोरांनाही पाठ असते.
कातडं सापडतं, आई समुद्रात जाते,
मुलं किनाऱ्यावर रडतात.
तळाशी अजून काय असतं
ते कुणी सांगत नाही.

झिपच्या दोन पिशव्या,
आम्ही रुबार्ब गोठवतो तसल्याच.
वर बाबाचं वळणदार अक्षर:
रोय, नऊ मार्च.
सुन्वा, आणि माझ्या जन्माची तारीख.
आत हातमोज्याएवढं, पांढऱ्या लवेचं.

माझ्या पाठीवर मानेपासून खाली एक वण आहे.
लहानपणी काटेरी तारेवर पडलीस, म्हणतो बाबा.
रोयच्याही पाठीवर आहे.
एकच तार, दोघं पडलो,
आणि इतकी वर्षं
आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही.

आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.
दिवा नव्हता. तिला लागत नाही.
स्वतःच्या कातड्याकडे तिने पाहिलंही नाही.
ती इवलीशी पांढरी लव
माझ्या खांद्याला लावून बघितली,
मग रोयच्या.
मान हलवली, दिवाळं निघालेल्या शिंप्यासारखी.

मग खुंटीवरून मेंढ्या सोलायची सुरी काढली,
जाळी शिवायचा दोरा काढला
आणि उंबऱ्यावर बसून
सुरी दगडावर घासू लागली, सावकाश.

बाबाचं माप तिला तोंडपाठ आहे.
दरवर्षी त्याचा स्वेटर तीच विणते.

पहाटे वीज आली.
फ्रीजर पुन्हा घरघरू लागला.
रोयने झाकण लावलं, सवयीने.
खाडीच्या तोंडाशी बोटीचं इंजिन.

दोघांना पुरेल का गं, मी विचारलं.

आईने धार अंगठ्यावर बघितली
आणि पहिल्यांदाच बोलली.
शब्द आमच्या भाषेतला नव्हता.
आम्हा दोघांनाही कळला.