डावा कान

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं
मी मोटरी ऐकल्या.

स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवायचं,
मूठ कानाशी धरायची,
सुईण पोटाला कान लावते तसं.
बेअरिंग वंगणात असेल तर नुसता हुंकार.
सुकं पडलं की कुरकुर,
सुपात तांदूळ पाखडल्यासारखी, अगदी बारीक.
धनसुखभाई म्हणायचे, "सांभळ, माने. बोले छे."

गुजरातीत सांभळायचं म्हणजे ऐकायचं,
आमच्यात सांभाळायचं म्हणजे जपायचं.
दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला
हे दोन शब्द कधी वेगळे वाटलेच नाहीत.

मग कंपनीच्या तपासणीत
कानाचा आलेख निघाला.
चार हजार हर्ट्झपाशी डावी रेघ घसरली,
पावागडच्या पायरीवरून चप्पल सुटावी तशी.
डॉक्टर म्हणाला, बाकी ठीक आहे.
बाकी म्हणजे काय?
तांदूळ तर तिथेच वाजतात.

चैत्रात राजीनामा दिला.
उज्ज्वलानं पीएफचा कागद दोनदा वाचला,
पेन्सिलीनं कडेला आकडे मांडले,
म्हणाली, "अठरा महिने.
पुढे मी तुझं काही ऐकणार नाही."

फतेगंजच्या क्लासमध्ये सगळे मला अंकल म्हणतात.
शिकवणारा ध्वनित सुद्धा. त्याला मिशी नीट फुटलेली नाही.
भाषेचं नाव पायथन.
विश्वामित्रीत मगरी आहेत,
तेवढं जनावर मला पुरलं असतं.
ओळीआधी चार घरं सोडायची राहिली
की सगळं अडून बसतं,
आणि चूक कुठे ते सांगतं इतक्या तुसडेपणानं
की जुना फोरमन आठवावा.

कल्पना एवढीच आहे:
रुपयाएवढा माइक, मागे लोहचुंबक,
मोटरला चिकटवायचा,
फोननं सांगायचं, किती दिवस.
बस्स. माझा कान,
पण न झिजणारा.

तीनशे बारा आवाज जमवले.
सोसायट्यांचे पंप, रंगाईचे कारखाने,
वारसियातली एक बर्फाची फॅक्टरी,
जिथे मी मफलर घालून उन्हाळा काढला.

आणि नवरात्रात
माझ्या यंत्रानं वडोदऱ्यातला एकूणएक पंप
आजारी ठरवला.
नऊ रात्री.
ढोल आत शिरला होता, प्रत्येक आवाजाच्या तळाशी.
रेवती हसून हसून पलंगावर लोळली,
"बाबा, तुझ्या मशीनला गरबा येतो!"

मग तिलाच बसवलं.
कानाला हेडफोन, पुढ्यात वही:
सुकं, ओलं, सुकं, माहीत नाही.
एका तुकड्याशी ती थांबली. म्हणाली, तांदूळ.
मी पुन्हा लावला. उजव्या कानानं, मग डाव्या.
डाव्यात पंखा, रस्ता, माझाच श्वास.
"लिही," म्हटलं, "तांदूळ."
तिनं लिहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही,
हे तिचं बरं.

पहिलं गिऱ्हाईक रावपुऱ्यातला जगदीश गिरणीवाला.
पैसे नंतर म्हणाला.
फोननं सांगितलं, नऊ दिवस.
कपाळावरचं पीठ पुसत त्यानं विचारलं,
"अने नव दिवसमां न बगडे तो?"

आज सातवा.
सकाळी पाच किलो गहू घेऊन गेलो,
घरात पीठ असताना.
गिरणी झोकात चालली होती.
खिशातून जुना स्क्रूड्रायव्हर काढला,
सवयीनं डावा कान लावला, मग उजवा.
धनसुखभाई, तुम्ही असता तर कान उपटला असता:
बावीस वर्षं सांभाळलं ज्याला
ते बेअरिंग तुटावं म्हणून
मी आज रांगेत उभा आहे,
हातात पिशवी घेऊन,
आणि माझा नंबर लागला तरी
पुढच्या बाईंना म्हणतोय,
तुम्ही घ्या आधी.