एकशे एकतीस प्रूफ

बाटलीवर पेननं लिहिलेला पिंपाचा नंबर,
खाली एकशे एकतीस.
"म्हणजे निम्म्याहून जास्त आग," आहेर म्हणाले,
"ओझरला आम्ही असल्यानं सुटे भाग पुसायचो."

लेकीनं लुईव्हिलहून पाठवलेली.
अडीच महिने देव्हाऱ्याखालच्या कपाटात उभी
माझी वाट बघत,
कारण कॉलनीत जिभेचा पगार घेणारी मी एकटीच.

दिंडोरीच्या वायनरीत बावीस वर्षं
मी चाखते आणि थुंकते.
इथे बादली मागितली तर आहेरांचा चेहरा पडला.
म्हणून गिळायचं ठरलं.

पहिला वास: काही नाही. नाकपुड्या बंद.
तोंड किंचित उघडं ठेवून पुन्हा घेतला:
कढईला लागलेली काकवी,
नव्या दाराचं पॉलिश,
मागे कुठेतरी भट्टीवरच्या शेंगदाण्याची सालं.
घोट घेतला आणि जीभ गेली.
परत आली ती दालचिनी घेऊन.

मग पाणी. चहाच्या चमच्यानं, सात थेंब.
"गंगेचं नाही हं, फिल्टरचं."
ग्लासात तेलासारख्या रेघा हलल्या,
आग जरा बाजूला सरून बसली.

"किती मार्क?"
चौऱ्याऐंशी. शेवट कडवट,
लाकूड गरजेपेक्षा शहाणं.
फोनवर लेकीला सांगताना
त्यांनी नव्वद केले.

ग्लास मी न धुता घरी आणला.
सकाळी, कोरड्या तळाशी नाक नेलं
आणि दूध उतू गेलं तरी तिथंच उभी.

वहीतले चौऱ्याऐंशी खोडले नाहीत.
शेजारी पेन्सिलनं लिहिलं:
रिकामा असताना, एक्याण्णव.