आरसा काढून ठेवल्यावर

राइवोने जुना कॅमेरा संगणकाला जोडला
आणि आकडा वाचला :
तीन लाख बारा हजार चारशे सहा.
"एवढ्या वेळा उघडझाप केलीस, ऊर्वे."
मग लेन्स काढून आत डोकावला,
बाजारात घोड्याचे दात बघावेत तसा.
टपालाच्या तिकिटाहून जरासा मोठा आरसा,
एका कोपऱ्यावर ओरखडा.
त्याने भाव सांगितला.
मी घासाघीस केली नाही.

बाहेर तार्तूत उणे अठरा.
नव्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या काखेत धरून
मी पूल ओलांडला,
अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी.
उजवा खांदा वजन शोधत राहिला,
जिना संपल्यावरही पाय
आणखी एक पायरी शोधतो तसा.

एक सांगते, एकवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही :
जो क्षण मी टिपला
तो मी कधी पाहिलाच नाही.
बोट दाबलं की आरसा वर उडायचा,
खटॅक,
आणि डोळ्यापुढे अंधार.
फोटोत आहे ते त्या अंधारातलं.
मी पाहिलं ते त्याच्या अलीकडचं
किंवा पलीकडचं.
लोक म्हणायचे, काय नजर आहे!
मी मान डोलवायचे.

रंगीत तालीम. तिसरा अंक.
काल्यो, वय अठ्ठ्याहत्तर, दीपगृहाचा रखवालदार,
दोरखंडांच्या ढिगावर मरतो.
याआधी तीन नाटकांत तो माझ्यासमोर मेला आहे.
या वेळी अंधार झाला नाही.
मी बोट दाबत राहिले, तो मरत राहिला,
सलग,
आणि मला दिसलं :
मेल्यावर त्याची डावी पापणी फडफडते.
किंचितच. वात विझल्यावर
टोकाला लाल ठिपका उरतो तेवढी.

अर्थात, दिसला तो काल्यो नव्हेच.
काचेतून थेट येणारा उजेड राइवोच्या कपाटात राहिला.
आता एक चिमुकला पडदा मला सांगतो
उजेड कसा होता ते.
पण नाट्यगृहात उभं राहून
पडद्याची तक्रार कुणी करावी?

अर्धा रंग पुसलेला काल्यो माझ्याकडे आला.
"आज एकही काढला नाहीस?"
"अकराशे काढले."
"थापा मारू नकोस. मला ऐकू आलं नाही."
तो खुर्चीच्या दांड्यावर टेकला.
"दिवे डोळ्यांवर असतात. समोर कोण आहे, दिसत नाही.
दिग्दर्शक चांगलं म्हणत नाही, त्याला तसं शिकवलंय.
अंधारातून तुझी खटॅक यायची,
तेव्हा कळायचं : हं, इथे. इथेच थांबायचं.
आज वाटलं,
मेलो तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

ज्या शांततेसाठी मी कर्ज काढलं होतं
ती त्याच्या अंगावर बर्फासारखी साचली होती.

रात्री स्वयंपाकघरात मेन्यू उघडून बसले.
चौथ्या पानावर, खाली :
शटरचा आवाज. प्रकार तीन. तीव्रता एक ते पाच.
कुण्या कारखान्यात कुणीतरी
एका खऱ्या आरशाची उडी मुद्रित करून ठेवली होती,
नसलेल्या आरशासाठी.
मी एकेक वाजवून पाहिला.
मांजर उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी प्रकार दोन, तीव्रता एक.
तिसरा अंक. वादळ आलं :
विंगेत लीस पत्र्याच्या ताटात
वाळके वाटाणे हलवत होती.
काल्यो ढिगावर कोसळला.
खटॅक.
मेलेल्या माणसाच्या ओठाचा कोपरा
एवढासा वर गेला.

नंतर त्याने विचारलं, "खोटा आहे ना?"
"खोटा."
त्याने ताटातला एक वाटाणा उचलला,
दिव्याशी धरून फिरवून पाहिला, खिशात टाकला.
"जरा कोरडा वाटतो," म्हणाला.
"उद्या तीन नंबर लावून बघ."