फाइन

लिहितात स्लेथवेट, म्हणतात स्लॉविट,
आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आमची गिरणी.
उत्तरेच्या खिडकीखाली उतरती टेबलं,
टेबलावर सुटाचं कापड,
कापडावर ओणव्या आम्ही दोघी, सुई नि चिमटा घेऊन:
डोरीन हिंचक्लिफ, वय एकाहत्तर,
आणि मी, विट्याच्या मागांच्या खडखडाटात वाढलेली.

पहिल्याच दिवशी तिनं कापडाचं टोक
दोन बोटांत चोळलं नि म्हणाली, 'फाइन.'
मला वाटलं, चालेल म्हणतेय.
तसं नव्हतं.
तलम म्हणत होती. इतकं बारीक सूत
की चूक दिसत नाही, हाताला लागते.

मग तो मला जागोजागी भेटायला लागला,
बहुरूप्यासारखा, नाव तेच, सोंग निराळं.
पावसाची भुरभुर असली तरी फाइन,
आणि उघडीप पडली, तरी फाइनच.
व्हिसाच्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं.
गाडीच्या काचेवर चिकटवलेली सत्तर पौंडांची पावती.
चहा आणखी हवा का, तर नको, फाइन.
माझी पंधरा वर्षांची लेक
जिना चढता चढता एक टाकते,
त्याच्या शेपटाला दार आपटलेलं असतं.

वहीच्या मागच्या पानावर मी लिहीत गेले:
तलम. बारीक. उघडीप. पुरे. दंड.
आणि सगळ्यात शेवटी, पेन्सिलीनं, बरं.
तेही आपल्याकडचं एक सोंगाडंच,
बरं म्हणजे हो, बरं म्हणजे मग पुढे,
आणि बरं नाही म्हणजे ताप.

फेब्रुवारीत डोरीनचा विल्फ गेला.
चौथ्या दिवशी ती टेबलाशी हजर.
मी विचारलं.
'फाइन,' म्हणाली,
आणि चिमट्यानं गाठ उपटायला लागली
जिथे गाठ नव्हती.
मी घरी येऊन वही काढली.
सहाही अर्थ तिच्या तोंडाशी धरून बघितले,
एकही बसेना.

तिच्याबरोबर लायब्ररीत गेले ते पुस्तक परत करायला.
विल्फनं आणलेलं, कबुतरांच्या शर्यतींवरचं,
अकरा आठवडे उशीर.
काउंटरवरची पोरगी हसून म्हणाली,
दंड आम्ही आता घेतच नाही.
डोरीनची पर्स उघडी. नाणी मोजून ठेवलेली.
'घे गं,' म्हणाली ती, 'घे की.
उशीर झालाय ना? मग घे.'
पोरगी माझ्याकडे बघायला लागली.
मी डोरीनला दंडाला धरून बाहेर आणलं.

बस यायला वेळ होता, म्हणून सांगत बसले.
आमच्याकडे जो दंड भरतात
तोच हा, मी तुझा धरलाय तोही.
आणि लुगडं मधोमध विरलं
की आई विरलेला तेवढा भाग कापून टाकायची,
उरलेली दोन्ही धड टोकं जोडायची.
त्या शिवणीलाही दंडच म्हणतात.
दंड घातलेलं लुगडं आणखी दोन वर्षं जायचं.

डोरीन रस्त्याकडे बघत होती.
'मधलं काढून टाकायचं?' तिनं विचारलं.
विरलेलंच, मी म्हटलं.
'आणि मग कमी नाही पडत?'
पडतं. आखूड होतं जरा. नेसता येतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
चिंधीच्या टोपलीतून तिनं एक तुकडा काढला,
मधोमध फाडला, माझ्यापुढे ठेवला. दाखव.
मी आईसारखा दंड घातला, आठवेल तसा,
तीस वर्षांनी.
तिनं चष्मा कपाळावर चढवला, शिवण उजेडात धरली,
उलटी केली, अंगठा फिरवला.
किती वेळ फिरवत राहिली.

'नाही,' म्हणाली शेवटी,
'फाइन नाही हे. अजिबात नाही.'

टाक्यांबद्दलच म्हणाली असणार,
जाडच होते माझे.
मी तिच्या शेजारी स्टूल ओढलं.
वहीत काही लिहिलं नाही.