तुलनात्मक तक्ता

सेक्टर सतरा, वाशी. काचेखाली जगाचा नकाशा,
त्यावर चहाचा गोल डाग, नेमका अटलांटिकात.
पदाजी मढवी नातवाला मांडीवर घेऊन बसलेत,
मी तक्ता त्यांच्याकडे फिरवते.

ऑर्लँडो सगळ्यात मोठं, पण व्हिसाची तारीख मिळेपर्यंत
पोरगं दहावीला जाईल.
पॅरिसला थंडी, आणि जेवणाचे हाल.
सिंगापूर आटोपशीर, तीन दिवसांत उरकतं.
हाँगकाँगला त्यातल्या त्यात रांगा लहान.
टोकियोला मोठ्या, पण म्हणे
लोक रांगेतही हळू बोलतात.

यातलं मी एकही पाहिलेलं नाही.
कुठल्या पाळण्याला किती उंची लागते, ते मात्र पाठ आहे.
वेदूला भिंतीशी उभं करून मोजला:
खुणेला दोन बोटं कमी.
"दिवाळीपर्यंत वाढेल," म्हटलं.
एवढं पॅकेजमध्ये बसतं.

मढवींनी टोकियोवर बोट ठेवलं.
"त्या जाग्यावं पयले काय व्हतं?"

असं कुणी विचारत नाही. विचारतात, नाश्ता धरून का?
मी शोधलं, वाचून दाखवलं:
उथळ समुद्र. शिंपल्या. मासेमारांचं गाव.
मग भराव.

ते खिडकीबाहेर बघत राहिले.
बाहेर पार्किंग, आणि पार्किंगवरून चाललेलं भांडण.
"कोलंबी अशी मिलायची," म्हणाले, हात कोपरापर्यंत दाखवून.
कुठं, ते नाही सांगितलं.

मग पिशवीतून रबर लावलेलं बंडल निघालं.
"हीच बुक कर. चार मानसं.
त्या कोल्यांच्या पोरांना आत कामाला घेतलं का,
मना बगाचं हाय."

पावती फाडेपर्यंत
वेदू पुन्हा भिंतीशी,
टाचा उचलून.