साखर

ओपलला आता दिसत नाही.
व्हर्ना रोज रात्री तिला चाहत्यांची पत्रं वाचून दाखवते:
"ओहायोची कुणी बाई लिहिते,
तू मेलीस असंच वाटलं होतं मला."
मग घडी घालते, सावकाश,
कागद करकरावा म्हणून.

ओपल हसते.
बोटांना कधीच कळलंय,
गॅसचं बिल आहे ते.

चाहते केव्हाच आटले.
व्हर्नाला मात्र ते पोस्टर अजून पाठ:
ओपल हातभर,
आपण मुंगीएवढ्या, खाली, छापखान्याच्या नावाशेजारी.

ग्लेनडेलच्या हिरवळीवर स्प्रिंकलर फिरतोय.
शेजारचे लिंडक्विस्ट म्हणतात,
बहिणी असाव्यात तर अशा.

"साखर किती?"
पन्नास वर्षांत व्हर्ना पहिल्यांदाच विचारते.

ओपल दोन बोटं दाखवते,
आणि ती चमचा शोधायला वळली की
आपल्या अंधारात, थेंबही न सांडता,
कप बदलते.